ब्लूबर्डच्या त्या रात्री नेमकं काय ध्वनिमुद्रित झालं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. पुण्यातले तीन मित्र आहेत. तिघेही स्वतःची गाणी लिहितात आणि गिटारवर गातात. गाय क्लार्क, टाउन्स व्हॅन झँट आणि स्टीव्ह अर्ल या अमेरिकन गीतकार-गायकांचा ‘टुगेदर ॲट द ब्लूबर्ड कॅफे’ हा लाइव्ह अल्बम ऐकल्यापासून त्यांना तसंच काहीतरी करायचं आहे: छोटी जागा, ऐंशी-नव्वद श्रोते, तीन गिटार, बाकी काही नाही. एका स्टुडिओत त्यांना सल्ला मिळाला की तिघांनी वेगवेगळं येऊन गाणी नीट रेकॉर्ड करावीत, टाळ्या आणि कुजबुज नंतर जोडता येईल. हे करावं का, आणि ब्लूबर्डच्या रेकॉर्डिंगमध्ये जो जवळिकीचा आवाज आहे तो माइकमुळे येतो की खोलीमुळे, असं त्यांनी विचारलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण माइक आणि खोली या दोन्हींच्या आधी एक गोष्ट येते. त्या अल्बममध्ये तीन माणसं एकमेकांचं गाणं ऐकत बसली आहेत, आणि ते ऐकणं टेपवर उतरलं आहे. मी लाइव्ह अकूस्टिक कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करते. माझा अनुभव असा की अशा अल्बममधली प्रत्येक तांत्रिक निवड एकाच कसोटीवर घासून पाहावी: याने गाणाऱ्यांचं एकमेकांना ऐकणं सोपं होतंय की अवघड?

त्या रात्रीबद्दल आधी थोडं. तारीख १३ सप्टेंबर १९९५, ठिकाण अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातलं ब्लूबर्ड कॅफे. गरजूंना परवडेल अशा दरात दातांवर उपचार करणाऱ्या इंटरफेथ डेंटल क्लिनिकसाठी निधी उभा करायचा होता. क्लार्क तेव्हा त्रेपन्न वर्षांचे, व्हॅन झँट एक्कावन्नचे, अर्ल चाळीसचे. पण वयापेक्षा महत्त्वाचं आहे ते तिघांचं नातं. अर्ल पोरसवदा असताना टेक्सासमध्ये व्हॅन झँट यांच्या आणि मग नॅशव्हिलमध्ये क्लार्क यांच्या मागे लागून शिकले. क्लार्क यांच्या १९७५ च्या पहिल्या अल्बममध्ये मागच्या आवाजांत अर्ल आहेत. त्यांनी आपल्या मुलाच्या नावातही टाउन्स हे नाव घातलं. म्हणजे मंचावर वीस वर्षांची ओळख बसली होती. अर्ल त्याच्या आदल्याच वर्षी व्यसन आणि तुरुंग यांतून बाहेर आले होते आणि निव्वळ अकूस्टिक वाद्यांवरचा एक अल्बम करून पुन्हा उभे राहत होते. व्हॅन झँट यांचा आवाज दारूने पार झिजला होता. पुढे सोळा महिन्यांच्या आतच, १ जानेवारी १९९७ ला, ते गेले. अल्बम बाहेर आला तो २००१ मध्ये.

आता ऐकताना लक्ष कुठे द्यायचं ते सांगते. गाणी पाळीपाळीने येतात, त्यामुळे प्रत्येक गाण्यावर आधीच्या गाण्याचं सावट असतं. व्हॅन झँट आपल्या लहान मुलीसाठी रचलेलं ‘केटी बेल ब्लू’ अगदी हळू, जवळजवळ पुटपुटत गातात. अर्ल ‘व्हॅलेंटाइन्स डे’ गातात तेव्हा ते गाणं बाजारात यायला अजून काही महिने होते, म्हणजे समोरच्या बहुतेकांना ते नवंच असणार. क्लार्क यांचं ‘द रँडल नाइफ’ तर गाणंही नव्हे. वडील, त्यांचा चाकू, वडील गेल्यावर न आलेलं आणि मग आलेलं रडू, हे सगळं ते गिटारच्या संथ फिरत्या बोटांवर बोलत जातात. स्टुडिओत हेच त्यांनी आधी दोनदा केलं होतं, १९८३ च्या अल्बममध्ये आणि त्याच १९९५ साली आलेल्या अल्बममध्ये. ती रूपं नीटनेटकी आहेत. पण बोललेलं गाणं समोर बसलेल्या माणसाला सांगितलं जातं तेव्हा वाक्यांमधल्या थांब्यांची लांबी बदलते. ऐकणाऱ्याला किती वेळ लागेल याचा अंदाज घेत सांगणारा थांबतो. ही लांबी स्टुडिओत हेडफोन लावून, काचेकडे पाहत सापडत नाही. मी तरी ती सापडलेली ऐकलेली नाही.

टाळ्या नंतर जोडल्या की कळतं, ते याच कारणाने. प्रश्न टाळ्यांच्या आवाजाचा नसतो, त्या सुरू होण्याच्या क्षणाचा असतो. शेवटचा स्वर वाजतो, तार विरत जाते. आणि नव्वद माणसं कधी टाळी वाजवतात? काही गाण्यांनंतर लगेच, काहींनंतर तार पूर्ण विझल्यावर. गायकही ते ओळखून शेवटचा स्वर लांबवतो किंवा तारांवर तळहात ठेवतो. हा दोन्हीकडून होणारा व्यवहार आहे. त्यातली एक बाजू नंतर चिकटवली तर दुसरी बाजू पोरकी वाटते.

खोलीबद्दल. ब्लूबर्ड कॅफे नॅशव्हिलच्या ग्रीन हिल्स भागात, हिल्सबोरो पाइकवरच्या दुकानांच्या साध्या रांगेत आहे. एमी कर्लंड यांनी ते १९८२ मध्ये सुरू केलं. जेमतेम नव्वद माणसं बसतात. १९८५ च्या सुमारास काही गीतकारांनी तिथे मंच सोडून खोलीच्या मधोमध, एकमेकांकडे तोंड करून बसायला सुरुवात केली, आणि हीच बसण्याची रीत पुढे त्या जागेची ओळख झाली. दुसरी ओळख शांततेची. गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा तिथला नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि तो पाळला जातो. आपल्याकडे बैठकीत पहिल्या रांगेतल्या जाणकाराची दाद गाणाऱ्याला पुढची जागा सुचवते. गोलात बसलेल्या गीतकारांमध्ये ते काम शेजारी बसलेला, आपली पाळी येण्याची वाट पाहणारा गायक करतो.

गोलाकार बसण्याची ही रीत मला ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने फार आवडते, आणि तुम्ही तीच धरावी. कारण भूमितीचं आहे. साधा कार्डिऑइड माइक समोरून चांगलं ऐकतो, बाजूने म्हणजे ९० अंशांवर फक्त ६ डेसिबल कमी ऐकतो, आणि पाठीमागून जवळपास बहिरा असतो. तिघे मंचावर एका रांगेत बसले की शेजारचा गायक प्रत्येक माइकच्या बाजूला येतो, आणि त्याचा आवाज भरपूर शिरतो. तिघे त्रिकोणात, एकमेकांकडे तोंड करून बसले की बाकीचे दोघे प्रत्येक माइकच्या पाठीकडे, साधारण १५० अंशांवर येतात. तिथे कागदावर २० डेसिबलहून जास्त घट मिळते. शिवाय तोंडापासून माइक १५ सेंटिमीटरवर आणि शेजारी दीड मीटरवर असेल तर अंतराच्या दहापट फरकामुळे आणखी २० डेसिबल मिळतात. म्हणजे माणसं एकमेकांच्या समोर येतात आणि आवाजही वेगळे राहतात. इथे एक सावधगिरी हवी. भाड्याने माइक देणारे बऱ्याचदा बीटा ५८ सारखा सुपरकार्डिऑइड (समोरच्या आणखी अरुंद कोनातलं ऐकणारा माइक) ‘वरचा’ म्हणून पुढे करतात. त्याचा सर्वांत बहिरा कोन पाठीला नसून १२५ अंशांच्या आसपास असतो, आणि थेट मागून तो थोडं ऐकतो. त्रिकोणी बैठकीला साधा कार्डिऑइडच बरा.

तरीही थोडा आवाज शिरणारच. शिरू द्या. शेजारच्या माइकमध्ये उतरलेला तुमचा आवाज चार-पाच मिलिसेकंद उशिरा येतो, आणि तेवढ्यानेच कानाला कळतं की ही माणसं एका खोलीत आहेत. ज्याची पाळी नाही त्याचा माइक गाण्याच्या मध्ये पूर्ण बंद-चालू केला तर खोली आक्रसल्यासारखी, उघडल्यासारखी वाटते. तो फक्त आठ-दहा डेसिबल खाली ठेवावा आणि हळूच वर आणावा.

गिटारबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सर्वांत जास्त अल्बम बिघडतात. या गाण्यांत ड्रम नाही, बेस नाही. अंगठा खालच्या तारांवर आलटून पालटून ठेका धरतो आणि बोटं वरच्या तारांवर चाल विणतात. म्हणजे अंगठ्याचा ठोका हाच तालवाद्याचा ठोका. व्हॅन झँट यांनी ह्यूस्टनमध्ये लाइटनिन हॉपकिन्स यांच्यासारख्या ब्लूज वादकांकडून हे उचललं. क्लार्क तर घराच्या तळघरात स्वतः गिटारी बनवायचे. लाकूड कसं बोलतं हे त्यांच्या हाताला माहीत होतं. आता हा आवाज गिटारच्या ब्रिजखाली (तारा जिथे लाकडावर टेकतात तिथे) बसवलेल्या, तारेचा कंप थेट विजेत बदलणाऱ्या पिझो पिकअपमधून घेतला तर काय होतं? तारेचा टणत्कार येतो, लाकूड येत नाही. अंगठ्याचा ठोका टोकदार आणि कोरडा होतो. कार्यक्रमाच्या स्पीकरसाठी पिकअप ठीक आहे. अल्बमसाठी माइक हवाच.

माइक गिटारच्या भोकासमोर ठेवू नये. मोठ्या आकाराच्या गिटारमध्ये आतली हवा १०० हर्ट्‌झच्या जवळपास घुमते, आणि भोकासमोर तेवढंच ऐकू येतं. छोटा कंडेन्सर माइक बाराव्या ते चौदाव्या फ्रेटसमोर, २५-३० सेंटिमीटर अंतरावर, किंचित भोकाच्या दिशेने वळवून ठेवा. पिकअपचा ट्रॅकही वेगळा घ्या, पण मिक्समध्ये तो आधार म्हणून अगदी कमी वापरा.

खरी अडचण पुढे येते. गिटारचा माइक गायकाचा आवाजही ऐकतो आणि आवाजाचा माइक गिटारही ऐकतो. एकच गाता आवाज दोन माइकांत वेगवेगळ्या वेळी पोचतो. अंतरातला फरक ३४ सेंटिमीटरचा असेल तर उशीर होतो एक मिलिसेकंदाचा, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर ५०० हर्ट्‌झपाशी, मग १५०० पाशी खड्डे पडतात, म्हणजे तेवढ्या स्वरांचा आवाज एकदम घटतो. दोन्हींची पातळी जितकी जवळ, तितका खड्डा खोल. ५०० हर्ट्‌झ म्हणजे माणसाच्या आवाजाचा गाभा. गायक जरा पुढे-मागे झुकला की खड्डे सरकतात, आणि आवाज पोकळ होऊन हलल्यासारखा वाटतो. पुष्कळ घरगुती लाइव्ह रेकॉर्डिंग ‘लांबून’ केल्यासारखी वाटतात त्याचं कारण बहुतेकदा हे असतं, खोलीचा दोष नसतो. यावर मला पटलेला उपाय म्हणजे गिटारसाठी आठच्या आकड्याच्या आकृतीत ऐकणारा माइक, म्हणजे फिगर-ऑफ-एट. तो दोन्ही कडांना पूर्ण बहिरा असतो. त्याची कड गायकाच्या तोंडाकडे येईल असा तो तिरपा करायचा. आवाज त्यात फार कमी शिरतो. तो मिळत नसेल तर उलटं करा: प्रत्येकासाठी एकच चांगला माइक, छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर, आणि आवाज व गिटार यांचा तोल गायकाने स्वतः सांभाळायचा. रोज एकटं गाणारे गीतकार हे उपजत करतात. ओळ हळू असली की बोटंही हळू होतात.

या दृष्टीने व्हॅन झँट यांचाच आणखी एक अल्बम शेजारी ठेवून ऐका: ‘लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर, ह्यूस्टन, टेक्सास’. १९७३ च्या जुलैमधलं ध्वनिमुद्रण अर्ल विलिस यांनी केलं (हे स्टीव्ह अर्ल नव्हेत), आणि तबकड्या १९७७ मध्ये आल्या. साठेक माणसांच्या जागेत शंभरावर लोक दाटीवाटीने बसलेले, एकोणतीस वर्षांचा गायक, एक गिटार आणि पंचवीसहून जास्त गाणी. माझ्या मते त्यांचा सर्वांत खरा आवाज इथे आहे. त्यांच्या स्टुडिओ अल्बमांत तंतुवाद्यं, जादा गिटारी, मागचे आवाज असं बरंच काही घातलेलं असायचं. ‘पँचो अँड लेफ्टी’ हे गाणं १९७२ च्या स्टुडिओ अल्बममध्ये आलं, आणि १९८३ मध्ये विली नेल्सन व मर्ल हॅगर्ड या गायकांनी ते अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. पण ओल्ड क्वार्टरमध्ये ते ऐकलं की कळतं, या कथेला फक्त सांगणारा हवा होता. दोन्ही अल्बमांतला फरकही लक्षात घ्या. ओल्ड क्वार्टरमध्ये एकटा माणूस पूर्ण रात्र पेलतो. लय, विनोद, उदासी, सगळं त्यालाच फिरवायचं असतं. ब्लूबर्डमध्ये थकलेल्या आवाजाला दोन गाण्यांची विश्रांती मिळते आणि शेजारचे दोघे वातावरण सांभाळतात. त्या रात्री व्हॅन झँट यांना एकट्याने पूर्ण कार्यक्रम करायला लावला असता तर इतका सच्चा अल्बम हाती आला असता असं मला वाटत नाही.

तुमच्यासाठी यातून निघणारी गोष्ट अशी की गाण्यांचा क्रम आधी पक्का करू नका. प्रत्येकाने दहा-बारा गाणी तयार ठेवायची, पहिली फेरी ठरवायची आणि पुढचं गाणं आधीच्याने काय गायलं ते ऐकून निवडायचं. एकच अट पाळा: सलग दोन गाणी एकाच स्वरात आणि एकाच लयीत येऊ नयेत. कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) एक-दोन घरं सरकवला तरी श्रोत्याच्या कानाला फरक पडतो. तिन्ही गिटारी एकाच ट्यूनरवर, ४४० हर्ट्‌झला धरून लावा. नव्या तारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवा. त्याच दिवशी चढवल्या तर त्या ताणत राहतात आणि उतरत जातात. पुण्यात पावसाळ्यात करणार असाल तर दमट हवेने गिटारची वरची लाकडी फळी फुगते आणि तारांची उंची बदलते. वाद्यं निदान दोन-तीन तास आधी त्याच खोलीत नेऊन ठेवा.

हेडफोन आणि मॉनिटर (गायकांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर) नकोत. दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज कानाला थेट येऊ द्या. श्रोत्यांसाठी स्पीकर लागले तर ते गायकांपासून लांब, बाहेर तोंड करून आणि शेवटच्या रांगेला जेमतेम पोचेल इतक्याच आवाजात ठेवा. स्पीकरचा आवाज भिंतीवरून परत माइकात आला की सगळी मेहनत चिखलात जाते. खोलीत एसी आणि पंखे बंद केले की नव्वद माणसं अर्ध्या तासात तापतात, हे खरं आहे. म्हणून कार्यक्रमाआधी खोली चांगली थंड करून घ्या आणि मध्यंतर घ्या. फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टर यांची गुणगुण रिकाम्या खोलीत कान देऊन शोधा. आपल्याकडे ती ५० हर्ट्‌झवर आणि तिच्या पटींत बसते, आणि गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झची असल्याने ८० च्या खालचं बिनधास्त कापता येतं. पण १०० आणि १५० वरची गुणगुण कापायला गेलात तर लाकूडही कापलं जातं. ती उगमापाशीच बंद करायला हवी.

रिकाम्या खोलीतल्या साउंडचेकवर फार विसंबू नका. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे स्वर शोषतात, त्यामुळे भरलेली खोली जास्त मऊ आणि कोरडी वाजते. श्रोत्यांसाठी माइकची एक जोडी लावा, गायकांकडे पाठ करून, डोक्याच्या वर. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर सरासरी पातळी डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली, म्हणजे उणे १८ च्या आसपास राहू द्या. टाळ्यांची टोकं गाण्याच्या किती तरी वर जातात.

मिक्सिंगबद्दल माझं मत ठाम आहे. तिघांच्या जागा डावी, मधली, उजवी अशा एकदा ठरवा आणि पूर्ण अल्बमभर हलवू नका. तिसऱ्या गाण्यापर्यंत श्रोत्याला डोळे मिटून कळलं पाहिजे की आता कोण गाणार. बाहेरून घातलेला मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब (घुमारा) नको. कॉम्प्रेसर, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारं साधन, अगदी हलका. पुटपुटलेली ओळ आणि मोकळ्या गळ्याची ओळ यांतलं अंतर हीच या गाण्यांची कमाई आहे. स्ट्रीमिंगवर गाणी तशीही एका पातळीला आणली जातात. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचं माप) धरतं, त्यामुळे मास्टरिंगमध्ये आवाज फुगवून हाती काही लागत नाही. चुकलेला एखादा स्वर राहू द्या. शब्द विसरून गाणं थांबलं असेल तर दुसऱ्या रात्रीचं पूर्ण गाणं घ्या, अर्ध्याला अर्धं जोडू नका. म्हणून शक्य असेल तर सलग दोन रात्री त्याच खोलीत, त्याच मांडणीने करा.

बोलणं किती ठेवायचं? ब्लूबर्डमध्ये आणि ओल्ड क्वार्टरमध्येही गाण्यांमधलं बोलणं ठेवलं आहे. ओल्ड क्वार्टरची सुरुवात तर निवेदनाने होते. जे बोलणं पुढच्या गाण्याचा दरवाजा उघडतं ते ठेवा, आणि ते वेगळ्या ट्रॅकवर टाका, म्हणजे पुन्हा ऐकणाऱ्याला थेट गाण्यावर जाता येईल. गाण्याचा अर्थ समजावणारं बोलणं मात्र काढा, मग ते तुम्हाला कितीही प्रिय असो. आणि कापताना शांततेचा तुकडा त्याच खोलीचा वापरा. त्यासाठी श्रोते बसल्यावर, पहिल्या गाण्याआधी, निदान एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा.

शेवटचा मुद्दा साठवणीचा. ओल्ड क्वार्टरची टेप चार वर्षं पडून होती, ब्लूबर्डची जवळपास सहा. ब्लूबर्डचा अल्बम आला तेव्हा तिघांतला एक जण हयात नव्हता. तुमचा अल्बम लगेच आला तरी मूळ ट्रॅक, प्रत्येक माइकचा वेगळा, काहीही प्रक्रिया न केलेल्या वेव्ह फाइलींत, तीन प्रतींत ठेवा आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. फाइलच्या नावात तारीख, गायक, गाणं आणि माइक लिहा. ध्वनिमुद्रण तिघांच्या मालकीचं राहील, पण गाण्याचे शब्द आणि चाल ज्याची त्याचीच, हे कार्यक्रमाआधी एका कागदावर लिहून तिघांनी सह्या करा. कुणी दुसऱ्याचं गाणं गाणार असेल तर त्याची परवानगी त्याच आठवड्यात मागायला घ्या, कारण तिला अल्बमच्या बाकी सगळ्या कामांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो.